दावणीवरून सुटलेले बैल आणि जर्सी खोंड : स्वयंसेवकांच्या भरवशावर निवारा किती दिवस चालेल?

माणदेशी वाट (प्रश्नकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगोला तालुक्यात, पंढरपूरच्या रस्त्यापासून थोडे आत, आम्ही काही मित्रांनी दोन एकर पडीक जमीन भाड्याने घेतली असून गेल्या चौदा महिन्यांपासून तेथे बेवारस जनावरे सांभाळत आहोत. सध्या दावणीला अकरा जनावरे आहेत. त्यांत पाच म्हातारे खिलार बैल, चार जर्सी खोंड, एक आंधळी गाय आणि मागचा पाय मोडून वाकडा जुळलेली एक कालवड आहे. जमिनीत एक बोअर आहे, पण एप्रिलनंतर त्याचे पाणी बादलीभरसुद्धा लागत नाही आणि टँकर मागवावा लागतो.

सुरुवात एका खोंडापासून झाली. तो बाजारतळाच्या मागे उकिरड्यावर फिरत असे. वासरू असताना गळ्यात बांधलेले नायलॉनचे दावे कोणी सोडलेच नव्हते आणि अंग भरत गेले तसे ते मानेत रुतत गेले. कातडी दोरीवरून वाढून आली होती, त्यामुळे दोरी बाहेरून दिसत नव्हती, जवळ गेल्यावर फक्त कुजल्याचा वास येत असे. डॉक्टरांनी भूल देऊन जखम उघडली तेव्हा गाठीसकट वीतभर तुकडा निघाला. पुढचे काही दिवस तो मान खाली करीत नव्हता, म्हणून आम्ही आळीपाळीने बादली त्याच्या तोंडाशी उचलून धरत होतो. त्याला पुन्हा उकिरड्यावर सोडणे आमच्यापैकी कोणालाच शक्य नव्हते, आणि मग एकामागून एक जनावरे येत गेली.

आमच्या गटात चौदा जण आहेत. शिक्षक, महाविद्यालयातील मुले, एक औषध दुकानदार आणि दोन गृहिणी असा हा गट आहे. रविवारी दहा-बारा जण येतात, शेण निघते, गव्हाणी धुतल्या जातात, जनावरांना खरारा होतो. मंगळवारी आणि बुधवारी मात्र अनेकदा मी एकटाच असतो आणि सकाळची शाळा गाठायची असल्याने वैरण टाकून तसाच निघतो. मुले मनापासून काम करतात, त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. परीक्षा, लग्नसराई आणि सुगी या तिन्ही काळांत मात्र माणसे मिळत नाहीत.

गेल्या महिन्यात दोनदा पहाटे फाटकाला अनोळखी जनावर बांधलेले आढळले. शिवाय कारवाईत पकडलेली तीस जनावरे आम्ही ठेवून घ्यावीत, अशी विचारणा झाली आहे. नाही म्हणायला जीव धजत नाही आणि हो म्हणायला वैरण नाही. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे की जनावरांची संख्या कशी ठरवावी, स्वयंसेवकांकडून नेमके कोणते काम घ्यावे आणि अशा वेळी काय उत्तर द्यावे.

गव्हाण

सर, मी संगमनेरकडे एका लहान निवाऱ्यात नऊ वर्षे काम करीत आहे. आमच्याकडे आज चाळीसच्या आसपास जनावरे आहेत आणि आपण लिहिलेली प्रत्येक अडचण आम्ही भोगलेली आहे.

संख्या ठरवताना जागेकडे पाहू नका, वैरणीकडे पाहा. मोठ्या जनावराला दिवसाला पाच ते सहा किलो सुकी वैरण आणि पंधरा-वीस किलो हिरवा चारा लागतो. सहा किलोचा हिशेब धरला तर आपल्या अकरा जनावरांना वर्षाला सुमारे चोवीस टन सुकी वैरण हवी. पाणी प्रत्येकी पन्नास ते साठ लिटर धरा, उन्हाळ्यात त्याहून जास्त. म्हणजे आजच आपल्याला रोज किमान साडेपाचशे ते साडेसहाशे लिटर पाणी लागते, आणि गोठा धुण्याचे पाणी त्यात धरलेले नाही. मे महिन्यात, बोअर आटलेला असताना आणि कडब्याची गंजी तळाला गेलेली असताना, जितक्या जनावरांचे पोट भरू शकते तितकीच आपली संख्या आहे. जून-जुलैत हिरवे रान पाहून ठरवलेली संख्या पुढच्या मे महिन्यात जनावरांना उपाशी ठेवते.

कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये, रब्बी ज्वारीची काढणी चालू असतानाच, शेकड्याच्या हिशेबाने घेऊन ठेवा. आपल्याकडे मंगळवेढ्याचे ज्वारीचे शिवार जवळ आहे, हे मोठेच भाग्य आहे. तोच कडबा मे महिन्यात घ्यायला गेलात तर भाव ऐकूनच माघारी यावे लागते. पेंढ्या अखंड टाकू नका. कडबाकुट्टी यंत्रातून काढून दिल्यास नासाडी पुष्कळ कमी होते, कारण अखंड पेंढीतील जाड धांडे जनावर पायाखाली तुडवते.

आता माणसांविषयी. आमची पहिली तीन वर्षे आपल्यासारखीच गेली. नंतर आमच्या लक्षात आले की दावणीवरचे रोजचे काम, म्हणजे पहाटेची वैरण, पाणी, शेण आणि रात्रीची एक फेरी, ही स्वयंसेवकांवर सोपवण्याची गोष्टच नाही. त्यासाठी जागेवर राहणारे एक कुटुंब पगारावर हवे. आमच्याकडे पूर्वी ऊसतोडीला जाणारे एक जोडपे राहते, आणि बैलाचे कान पाहून त्याला ताप आहे की नाही हे त्यांना कळते. ती नजर आम्हा कोणाकडेच नव्हती. स्वयंसेवकांनी त्या कुटुंबाचा पगार जमवावा. हे वाक्य पुष्कळांना रुचत नाही, कारण लोकांना जनावराजवळ यायचे असते, वर्गणी गोळा करायची नसते. परंतु चौदा जणांनी दरमहा ठरलेली रक्कम दिली तर तुमचे मंगळवार-बुधवार सुटतात.

याचा अर्थ स्वयंसेवकांना काम उरत नाही असा मुळीच नाही. गळीत हंगामात ऊसतोड चालू असलेल्या फडांवरून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मागून आणणे, मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) पिशव्या भरणे, दवाखान्याच्या फेऱ्या, प्रत्येक जनावराची वही, शिंगांना आणि गळ्यात चमकणाऱ्या पट्ट्या बांधण्यासाठी महामार्गावरच्या फेऱ्या, ही सगळी त्यांचीच कामे आहेत. आम्ही प्रत्येकाला वार वाटून दिला नाही, जनावर वाटून दिले. ज्या मुलीकडे ‘सर्जा’ची वही आहे ती त्याच्या खुराची तारीख चुकवत नाही, मग परीक्षा असली तरी दुसऱ्या कोणाला तरी सांगून जाते. हा बदल मला सर्वांत मोलाचा वाटतो.

एक चूक मात्र मनापासून सांगतो, म्हणजे आपल्याकडून ती होणार नाही. 2022 च्या लम्पीच्या साथीत आम्ही दयेपोटी रस्त्यावरची दोन वासरे थेट मोठ्या गोठ्यात बांधली, कारण पाऊस लागला होता आणि वेगळे छप्पर नव्हते. दहाव्या दिवशी त्यांच्या अंगावर गाठी आल्या आणि महिनाभरात आमची चार जनावरे गेली. ती चार जनावरे आधीपासून आमच्या भरवशावर होती. तेव्हापासून वेगळ्या छपराशिवाय नवे जनावर आत घ्यायचे नाही, हा आमचा नियम आहे आणि तो आम्ही एकदाही मोडलेला नाही.

निवृत्त पशुवैद्य

वरील प्रतिसादातील शेवटचा परिच्छेद प्रत्येकाने दोनदा वाचावा. मी पशुसंवर्धन खात्यात तीस वर्षे नोकरी केली. निवाऱ्यांमध्ये जनावरे दगावण्याची जी कारणे मी पाहिली, त्यांत उपासमारीपेक्षा मिसळलेला रोग आणि चुकीचा आहार यांचा वाटा मोठा होता.

नवे जनावर किमान 21 दिवस वेगळे ठेवावे. त्याची बादली, दावे आणि खराटा वेगळा असावा आणि त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. या काळात गोचीड-गोमाश्यांचा बंदोबस्त, जंताचे औषध आणि लसीकरण उरकून घ्यावे. लाळ-खुरकूत रोगाची लस वर्षातून दोनदा, घटसर्प आणि फऱ्या या रोगांच्या लसी पावसाळ्यापूर्वी, आणि लम्पीसाठी दरवर्षी लस, एवढे वेळापत्रक भिंतीवर लावा. गाभडलेली गाय आली तर तिचा जार किंवा स्राव हातमोज्यांशिवाय हाताळू देऊ नका, विशेषतः महाविद्यालयातील मुलांना, कारण सांसर्गिक गर्भपात हा रोग माणसालाही होतो आणि त्याचा ताप महिनोन्महिने पाठ सोडत नाही.

आहाराविषयी कळकळीने लिहितो. निवारा सुरू झाला की गावातील भाविक लोक उरलेला भात, पोळ्या, पुरणाचा स्वयंपाक आणि जिलेबी घेऊन येतात. त्यांची भावना चांगली असते, त्यामुळे त्यांना अडवणे अवघड जाते. परंतु घमेलेभर शिजलेला भात एका वेळी खाल्लेल्या जनावराच्या पोटात काही तासांत आम्ल वाढते, रवंथ थांबतो, जनावर दात खाऊ लागते आणि दुसऱ्या दिवशी उठत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी अशी जनावरे पाहण्यासाठी मला किती वेळा बोलावणे आले याची गणती नाही. खाण्याचा सोडा पाजून काही वाचतात, सगळी वाचत नाहीत. फाटकावर स्पष्ट पाटी लावा आणि भाविकांना कडब्याची पेंढी, सुग्रास पशुखाद्याचे पोते किंवा खनिज मिश्रण आणण्यास सांगा. त्याचप्रमाणे कोवळ्या ज्वारीच्या रानात, विशेषतः पावसाने ताण दिलेल्या पिकात, जनावर सोडू नका. किराळ, म्हणजे अशा ज्वारीतील विषाची बाधा, लागले तर डॉक्टर येईपर्यंत जनावर राहत नाही.

उकिरड्यावर वाढलेल्या जनावराची डावी भकाळी (कुशीवरचा खळगा) सतत फुगलेली असेल, शेण थोडे आणि पातळ पडत असेल आणि खाऊनही अंग धरत नसेल, तर पोटात प्लास्टिक आहे असे समजून तपासणी करून घ्या. एका गायीच्या पोटातून मी घमेले भरून प्लास्टिक, दोन चपलांचे पट्टे आणि दाढीच्या पात्याचा तुकडा काढला होता. ती गाय शस्त्रक्रियेनंतर वाचली. परंतु पुष्कळ जनावरे इतकी अशक्त असतात की आधी पंधरा दिवस अंग भरल्याशिवाय शस्त्रक्रिया करता येत नाही.

आपल्या चारही खोंडांचे खच्चीकरण झाले आहे का? झाले नसेल तर ते लगेच करून घ्या. भुलीचे आणि वेदनाशामक इंजेक्शन देऊन बर्डिझो चिमट्याने हे काम जखमेविना होते. आज ते वासरे वाटतात, पण वर्षभरात मोकळ्या खोंडांच्या झुंजीत आंधळी गाय चिरडली जाईल आणि स्वयंसेवक गोठ्यात पाऊल टाकण्यास घाबरतील.

म्हाताऱ्या बैलांच्या खांद्यावरची जुनी सूज आणि शिंगाचे बूड नियमित पाहा. शिंग एका बाजूला झुकले, बैल डोके सतत हलवू लागला किंवा त्या बाजूच्या नाकपुडीतून रक्त आले, तर तो शिंगाचा कर्करोग असू शकतो. खिलार बैलांत मी तो पुष्कळ पाहिला आहे आणि वेळेवर शिंग काढले तर जनावर पुढे वर्षानुवर्षे जगते. ऊसवाहतुकीच्या बैलांच्या खुरांना मारलेल्या पत्र्या आल्याबरोबर काढून घ्या, कारण काम थांबल्यावर खूर वाढतो आणि पत्रीचा खिळा आत शिरतो.

वेदनाशामक औषधांबाबत एकच सूचना आहे. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर 2006 पासून आणि ॲसिक्लोफेनॅक व किटोप्रोफेनवर 2023 पासून बंदी आहे, कारण अशा औषधाचा अंश असलेले मढे खाऊन गिधाडे मरतात. आपल्या गटात औषध दुकानदार आहेत, त्यांच्या हे लक्षात असावे. मेलॉक्सिकॅम वापरावे.

काळा कोट

मी वकिली करतो आणि दोन पांजरपोळांची (निराधार जनावरे सांभाळणाऱ्या संस्थांची) कामे पाहतो, म्हणून तीस जनावरांच्या विचारणेपुरते लिहितो.

ती जनावरे मुद्देमाल आहेत. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार अशी जनावरे खटला चालू असताना गोशाळा, पांजरपोळ किंवा प्राणिकल्याण संस्थेकडे ठेवता येतात आणि देखभालीचा खर्च आरोपीकडून वसूल करण्याची तरतूदही आहे. परंतु हा खर्च हाती यायला जो काळ लागतो, तितक्या काळात आपली गंजी दोनदा संपेल. शिवाय न्यायालयाच्या आदेशाशिवाय त्यांतील एकही जनावर आपण कोणाला देऊ शकत नाही, आणि एखादे मेले तर पंचनामा व शवविच्छेदन करून घेणे आपल्या अंगावर येते. आपली संस्था अजून नोंदलेली नसेल, तर अकरावर एकदम तीस जनावरे घेणे म्हणजे जी अकरा सुखात आहेत त्यांनाही संकटात टाकणे होय. लेखी उत्तर द्या, त्यात आपली क्षमता आकड्याने लिहा आणि जवळच्या मोठ्या पांजरपोळाकडे विचारणा करावी असे सुचवा. अशा नकारात काहीही बेकायदेशीर नाही.

दुसरी गोष्ट नोंदणीची. धर्मादाय आयुक्तांकडे न्यासाची नोंदणी आणि प्रत्येक जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला, ही दोन कामे आधी करा. राज्य शासन 2024 पासून पात्र गोशाळांना देशी गायीमागे दररोज 50 रुपये अनुदान देते, परंतु ही योजना देशी गायींसाठी आहे. आपल्या दावणीला देशी गाय किती आणि बैल व जर्सी खोंड किती, हे पाहिल्यास अनुदानावर विसंबून काहीच आखता येणार नाही, हे आपल्या लक्षात येईल.

फाटकाला जनावर बांधून जाणाऱ्यांविषयी : उपासमारीने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातील कलम 11 नुसार गुन्हा आहे. तशी पाटी आणि एक कॅमेरा लावा. मात्र पहिल्याच दिवशी तक्रार करण्याऐवजी माणूस सापडला तर त्याच्याशी बोला.

आटपाडीकर

वकीलसाहेबांचे शेवटचे वाक्य वाचून लिहावेसे वाटले. मी शेतकरी आहे, माझ्या घरी पिढ्यान्‌पिढ्या खिलार जोडी होती आणि सहा वर्षांपूर्वी मी स्वतः ट्रॅक्टर घेतला. पहाटे जनावर बांधून जाणाऱ्या माणसाला आपण निर्दयी समजू नये, एवढीच माझी विनंती आहे. त्याला दिवसा येण्याची लाज वाटते म्हणून तो पहाटे येतो.

पूर्वी थकलेला बैल बाजारात नेला की दोन पैसे येत आणि त्यात थोडी भर घालून नवा बैल घेता येत असे. मार्च 2015 पासून राज्यात गायीबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आहे. ती योग्य की अयोग्य हा वाद मी येथे काढत नाही. परंतु म्हाताऱ्या बैलाला आज गिऱ्हाईक नाही आणि त्याचे खाणे मात्र तेवढेच आहे, ही वस्तुस्थिती आहे. जर्सी खोंडाचे तर त्याहून अवघड. त्याला वशिंड नाही, त्यामुळे जू खांद्यावर ठरत नाही, आणि तो ऊन सोसत नाही. जन्मल्यापासून तो रोज दोन-तीन लिटर दूध पितो आणि डेअरीला दूध घालणाऱ्या माणसाला ती वजाबाकी रोज दिसते.

म्हणून सर, आपल्या स्वयंसेवकांनी महिन्यातून एक दिवस आसपासच्या दूध संकलन केंद्रांवर जावे आणि लिंगनिर्धारित वीर्यमात्रेची माहिती द्यावी, असे मला वाटते. तिच्या वापराने जन्मणाऱ्या वासरांपैकी सुमारे नव्वद टक्के कालवडी असतात. एक खोंड आयुष्यभर सांभाळण्यापेक्षा तो नकोसा होऊन जन्माला न येणे सर्वांनाच परवडते.

आणि आपल्या पाच बैलांपैकी एखादी जोडी अजून चालती-फिरती असेल तर मला कळवा. माझ्या बांधावर लिंबाची सावली आहे, विहिरीला पाणी आहे आणि मला शेणखत हवे आहे. त्यांना जू लावणार नाही, असे लिहून देतो. आपल्या मुलांनी कधीही येऊन पाहावे.

माणदेशी वाट

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी आम्ही चौदापैकी अकरा जण गोठ्यातच बसलो आणि हे सर्व मोठ्याने वाचले.

ठरले ते असे. पुढचा कडबा भरेपर्यंत आमची संख्या बारा राहील. तीस जनावरांबाबतचे नकाराचे पत्र आज दिले. पत्र लिहिताना हात जड झाला होता, हे कबूल करतो. फाटकाबाहेर, बोअरच्या पलीकडे, पत्र्याचे एक वेगळे छप्पर उभारायला पुढच्या रविवारी सुरुवात करू. तेथे एका वेळी एकच जनावर राहील. जागेवर राहण्यासाठी एका कुटुंबाशी बोलणे झाले असून त्यांच्या पगाराची वर्गणी दहा जणांनी लगेच कबूल केली. उरलेल्यांकडून आम्ही पैशांऐवजी वाहन किंवा वेळ घेणार आहोत. चारही खोंडांच्या खच्चीकरणाची वेळ पशुवैद्यकीय दवाखान्यातून घेतली आहे.

आटपाडीकर दादा, ‘राजा’ आणि ‘पाखऱ्या’ ही जोडी एकमेकांशिवाय वैरण खात नाही, म्हणून दोघांना एकत्रच द्यावे लागेल. आपण एकदा येऊन त्यांना पाहून जावे. राजाचा उजवा खांदा हात लावल्यास अजून दुखतो.

डॉक्टरसाहेब, एक शंका राहिली. कारखाना सुरू झाल्यावर वाढे भरपूर मिळतील. ते किती दिवस द्यावेत?

निवृत्त पशुवैद्य

हंगामभर देता येतील, परंतु नुसते वाढे देऊ नका. त्यांतील ऑक्झलेटमुळे शरीरातील कॅल्शियम कमी होते आणि म्हातारे जनावर महिन्या-दोन महिन्यांत हाडांनी खचते. कुट्टी करून त्यात निम्मा कडबा मिसळा. कळीचा चुना रात्री पाण्यात भिजत घाला, सकाळी वर आलेले निवळ पाणी तेवढे घेऊन कुट्टीवर शिंपडा आणि तळाचा गाळ टाकून द्या. खनिज मिश्रण रोज चालूच ठेवा. राजाच्या खांद्याचे छायाचित्र उजेडात, दोन्ही बाजूंनी काढून येथे टाका. सूज मऊ आहे की टणक, हे हाताने दाबून पाहा आणि तेही लिहा.